एकचूल आश्रमाचे शेवटचे काका

संध्याकाळी पळसदरीच्या रस्त्याने जाताना रुळाच्या तुकड्यावरचे टोले ऐकू आले, की पाय उचलावेत. नाहीतर श्रीपतकाका धरून जेवायलाच बसवतात. मी तर त्यांचा शेजारी, मला पळायलाही जागा नाही.

"एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाय, मास्तर," म्हणत ते पानावर भाताचा डोंगर रचतात आणि आश्रमाचा इतिहास सुरू करतात. आमटीत मसाला नसतो, तो सगळा इतिहासात घातलेला असतो.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. कुठलेसे महाराज इथल्या माळावर आले आणि त्यांनी पृथ्वीवर स्वर्ग आणायचं ठरवलं. स्वर्गाला जागा कमी पडू नये म्हणून काकांनी आपलं भाताचं खाचर देऊन टाकलं. दहा-बारा घरांची एक चूल झाली. शेत सगळ्यांचं, बैल सगळ्यांचे, पोरंही सगळ्यांची. पोटच्या पोरानेसुद्धा बापाला 'बाबा' म्हणायचं नाही. झाडून सगळे पुरुष 'काका'. माया एका घरात साठता कामा नये, असं महाराजांचं म्हणणं. ते स्वतः ब्रह्मचारी, त्यांचं काय जात होतं!

चहाला मात्र स्वर्गात बंदी. एका बाजाराच्या दिवशी काका गुपचूप कर्जत स्टेशनबाहेरच्या हॉटेलात शिरले, तर बाकांवर निम्मा आश्रम बशीत फुंकर घालत बसलेला! कोपऱ्यात साक्षात महाराज. "दुसरा कप व्हता त्यांचा," काका अजून तावातावाने सांगतात. त्यानंतर कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना. वर्षभरात घरोघरी चुली पेटल्या आणि महाराज दुसरीकडे स्वर्ग काढायला निघून गेले. उरले काका आणि पंगतीला बोलावणारा तो रूळ.

यंदा दिवाळीत त्यांचा मुलगा बाळू कल्याणहून आला. आश्रमातच वाढलेला. आपल्या पोराला त्याने पहिल्यांदाच आणलं होतं. काकांनी सकाळी अंगण सारवलं आणि दुपारीच टोले हाणले. पंगतीत मीही होतो.

"बाबा, हे कोण?" नातवाने विचारलं.

"हे काका," बाळू सहज म्हणाला.

"बराबर," म्हणत काकांनी बाळूला आणखी भात वाढला.

ते दोघं गाडीला गेल्यावर काका ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, ह्यो अजून नियम पाळतो. नियम कवाच त्या चहात बुडाला. आता बाबा म्हन, आसं त्याला कुनीतरी सांगाया पायजे."

"तुम्हीच सांगा की."

"मी कसा सांगनार? मी काका."

काका उठून रुळावर टोले हाणू लागले. दुपारचं जेवण अजून पोटात तसंच होतं. मी हात धुतले आणि पानावर जाऊन बसलो.