झाडे मास्तरांचा अपुरा सिनेमा

झाडे मास्तर रस्त्यात भेटले की राम राम करायच्या आधी म्हणायचे, "भाऊ, जरा पडून दाखवजा बरं!"

माणूस चपापायचा. मास्तर समजावायचे, "असं समजा, मांगून कोनं तरी डोक्शात धोंडा घातला." तोवर त्यांच्या खिशातून पेन्सिल निघालेली असायची. मग पडल्याशिवाय सुटका नसे.

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याला उभं करून त्याच्यादेखत दूध तापवणाऱ्यांपैकी. त्यात सत्तरच्या दशकातलं पुलगाव. दारूगोळ्याचा डेपो हाकेच्या अंतरावर. कागदावर रेघोट्या ओढत फिरणाऱ्या माणसाकडे गाव तिरकंच पाहायचं. शाळेतून निवृत्त झालेला ड्रॉइंग मास्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि भर दुपारी खिडक्यांना कांबळी लावून आत काय करतो? एकदा मी सरळ जाऊन विचारलं.

"सिनेमा काढून राह्यलो," मास्तर म्हणाले. "माणसाचा इतिहास. धोंड्यापासून बॉम्बपर्यंत सारी मारामारी. तीन मिनिटात."

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्याकडून त्यांनी जुना सिनेमाचा कॅमेरा मागून आणला होता. एक चित्र, एक फोटो. हात केसभर वर, पुन्हा चित्र, पुन्हा फोटो. नागपूरच्या कुठल्याशा स्पर्धेला पाठवायचं होतं. "जलमभर पोट्ट्यायकून केळं अन् मडकं काढून घेतलं," ते म्हणाले. "मराच्या आधी एक तरी काम लोकायनं पाहावं असं करतो."

ते चहा करायला आत गेले. मी अर्थातच कागदांचा गठ्ठा उचकला. पहिल्या कागदावर आमची मंडळी उभी. दुसऱ्यावर किंचित कललेली. पुढे पुढे कलतच गेलेली, आणि शेवटच्या कागदावर हात पसरून जमिनीवर. मी चहा न घेता घरी आलो.

"काय गं, तू मास्तरांकडे पडलीस?"

"हाव, पडली!" ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "सारी आळी पडली. तुमी घरात मले कधी पाह्यलं का, पडली का उठली ते?"

मी ओसरीवर जाऊन पेपर उघडला. पण डोक्यातून ते कागद काही जाईनात. माझी बायको नागपूरच्या पडद्यावर मरून पडणार, आणि परकी माणसं ते पाहणार!

एका रविवारी दुपारी मास्तरांनी धोतराचा पडदा बांधून आळीला सिनेमा दाखवला. शेजारचा गुलाबराव शिंपी इस्त्रीचा सदरा घालून आला होता, कारण पानिपतात तो तीनदा पडला होता. मी भांडायच्या तयारीनेच पुढे बसलो.

पडद्यावर एका हाताने धोंडा उचलला. मग सोटा आला, तलवार आली, बंदूक आली, शेवटी विमान. काम झकास होतं. प्रत्येक घाव खाली यायचा आणि समोर नुसता पांढरा कागद. पडत कोणीच नव्हतं.

"मास्तर, मंग आमाले काऊन पाडलं जी?" गुलाबराव ओरडला. मास्तर रीळ गुंडाळत राहिले.

तोच सिनेमा नागपूरला गेला आणि महिन्याभराने चिठ्ठीसकट परत आला. मारणारे उत्तम, मरणारा कोणी नाही, त्यामुळे चित्रपट अपुरा वाटतो, असं लिहिलं होतं. मास्तरांनी ती मला वाचायला दिली. एवढी मेहनत वाया गेली याचं मला मनापासून वाईट वाटलं. पण चित्रं तर मी डोळ्यांनी पाहिली होती. मी विचारलंच.

"काढली होती," मास्तर म्हणाले. "सूनबाईले, म्हंजे तुमच्या मंडळीले, मारून पाडलं, अन् त्याच दुपारी त्या वाटीभर वरणफळं घेऊन दारात उभ्या. मले वर पाहावलं नाई. सारे कागद खोडले. मंग गुलाबराव खोडला. एकेक करत सारी आळी खोडली."

"अहो, मग कुठल्यातरी अनोळखी माणसाचा चेहरा काढायचा!"

"काढला ना. आठ दिवस तो इथंच भिंतीले टेकून होता." मास्तर चिठ्ठीची घडी घालत राहिले. "घरात दुसरं कोन हाय, भाऊ? त्याच्याशीच बोलत बसलो."