उकिरड्याचा मूळ रहिवासी

"तुम्ही वऱ्हाडातले आहात, याला पुरावा काय?" सुपरिंटेंडेंट केशवरावांनी चष्मा पुसत विचारले.

खुशालराव अढाऊ चौदा वर्षे अमरावतीच्या त्याच कचेरीत, त्याच खिडकीजवळच्या टेबलावर बसून येणाऱ्या कागदांवर आवक क्रमांक घालत आले होते. एवढ्या वर्षांत लोकांनी त्यांना नाही नाही ते विचारले होते, पण हे कुणी विचारले नव्हते. त्यांनी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती. म्हणजे प्रश्न त्यांनाच होता.

"साहेब, मी वऱ्हाडातला नाही तं काय काबूलचा आहो?"

"तसं मी म्हणत नाही हो. पण कागदानं काहीतरी म्हणायला हवं ना!"

केशवराव पुण्याचे. वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले त्याला सहा महिने झाले होते आणि त्या राज्याबरोबर केशवरावही आले होते. खरे तर वऱ्हाड जागचे तसूभर हलले नव्हते, हलली होती ती दप्तरे. त्या हलवाहलवीत खुशालरावांच्या सर्व्हिस बुकाचे पहिले पान वाळवीने खाल्ले. दुसऱ्या पानापासून त्यांची नोकरी चोख लिहिलेली होती, पण पहिल्या पानावर त्यांचा जन्म होता. आणि वरून हुकूम आला होता की, मे महिनाअखेर ज्याला वऱ्हाडचा मूळ रहिवासी असल्याचे दाखवता येणार नाही, त्याला पलीकडचा, म्हणजे मध्य प्रदेशाचा समजून रायपूरला रवाना करावे.

खुशालरावांना बायको होती, तीन पोरे होती आणि अकोटजवळच्या बोरखेडला म्हातारे आईबाप होते. त्या आईबापांची तीन मुले खुशालरावांच्या आधी होऊन गेली होती, उरलेला हा एकच. खुशालराव आठवड्यातून एकदा बोरखेडला गेले नाहीत, तर म्हातारी तिसऱ्या दिवशी फाट्यावर येऊन येणारी प्रत्येक एस.टी. तपासत बसे. रायपूरच्या गाड्या तिला तपासता येण्यासारख्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी शाळेचा दाखला आणला. त्यात जन्मगावाचा रकाना कोरा होता. मग वडिलांच्या शेताचा उतारा आणला. त्यावर जानराव अढाऊ, त्यांचे वडील आणि त्यांचेही वडील अशा तीन पिढ्या काळ्या जमिनीत पाय रोवून उभ्या होत्या.

"उत्तम!" केशवराव म्हणाले. "जानराव वऱ्हाडचे, हे मला मान्य. पण तुम्ही जानरावांचे कशावरून?"

"साहेब, माहं नाक पाहा. बाबाचं नाक पाहा. दोन्ही एकाच साच्यातले."

"नाक फाइलला लावता येत नाही, अढाऊ. जन्माची नोंद आणा."

जन्माची नोंद म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मले, कोण मेले हे कोतवालाने ठाण्यावर जाऊन सांगायचे आणि ते बुकात उतरायचे, अशी जुनी वहिवाट. ती बुके अकोल्याच्या रेकॉर्डखोलीत होती. खुशालरावांनी रजा टाकली, बडनेऱ्याला गाडी धरली आणि भर उन्हात अकोला गाठले.

रेकॉर्डकीपर दुपारी चारनंतर उदार झाला. त्याने तांबड्या फडक्यात बांधलेली बोरखेडची गाठोडी काढली. पहिल्या भावाचा जन्म सापडला, चौथ्या दिवशी मृत्यू सापडला. दुसऱ्याचे तसेच, तिसऱ्याचेही तसेच. ज्यांना कुठेच नोकरी करायची नव्हती, त्यांचे सगळे कागद जिथल्या तिथे होते. खुशालरावांना ते वाचून वाईट वाटले आणि थोडा हेवाही वाटला. त्यांच्या स्वतःच्या सालात मात्र जानराव अढाऊंच्या घरी काहीच जन्मले नव्हते.

"हे पाहून घ्या," रेकॉर्डकीपर म्हणाला. "तुमच्या गावचंच आहे. पन हे जन्मात नाही, बेवारसात आहे."

खुशालरावांनी स्टूल ओढले आणि वाचले.

'मौजे बोरखेड येथील उकिरड्यावर पुरुष जातीचे मूल, एक दिवसाचे, जिवंत आढळले. आईबाप अज्ञात. मूळ गाव अज्ञात. जवळचे घर जानराव अढाऊ यांचे. त्यांस तीन वेळा विचारता मूल आपले नसल्याचे त्यांनी सांगितले. रिपोर्ट देणार शालिकराम कोतवाल.'

ज्या घरात मुले जगत नाहीत त्या घरात नवे मूल झाले की ते उकिरड्यावर नेऊन ठेवायचे, म्हणजे काळाला वाटते की ही टाकाऊ वस्तू आहे. शेजारणीने ते उचलून न्यायचे आणि आईबापांनी तिच्याकडून सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचे. आपल्याला असे टाकले होते हे खुशालरावांना ठाऊक होते. गावात निम्म्या लोकांना टाकले होते. पण सरकारदरबारी टाकले गेलेले ते एकटेच निघाले.

नक्कल घेऊन ते बोरखेडला पोचले. जानरावांनी ती वाचून घेतली आणि पागोटे डोक्यावर आपटत ते उठले.

"शालिकरामनं घात केला! चाल, त्याले इचारतोच!"

शालिकरामने कोतवाली सोडून बरीच वर्षे झाली होती. त्याचा मुलगा अकोल्यात मास्तर होता, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता आणि ओट्यावर दोन लोखंडी खुर्च्या होत्या. पूर्वी शालिकराम अढाऊंच्या अंगणाबाहेर उभा राहून विचारत असे. आता अढाऊ त्याच्या ओट्याखाली उभे राहून विचारत होते. त्याने खुर्ची पुढे सरकवली. जानराव क्षणभर घुटमळले आणि बसले.

"शालिकराम... शालिकरामजी, हे काय लिहून ठेवलं तुमी? पोरगं माहं होतं हे तुमाले मालूम नव्हतं?"

"मालूम होतं ना, जानरावभाऊ."

"मंग?"

"म्या तुमच्या दारात येऊन इचारलं, हे पोरगं कोनाचं? तुमी म्हनलं, आमचं नाही."

"अरे बाप्पा, तवा तसं म्हना लागते! कोंडा द्याच्या आंधी आपलं म्हनलं तं सारं फुकट जाते!"

"म्हून म्या दुसऱ्यांदा इचारलं. तुमी म्हनलं, आमचं नाही. तिसऱ्यांदा इचारलं तं तुमी माह्या अंगावर धावून आले." शालिकरामने चष्मा काढला. "मी नवा कोतवाल. ठानेदार म्हने, घरचा मालक जे सांगन तेच लिवाचं, आपली अक्कल चालवाची नाही. पंचवीस वर्स नोकरी केली, भाऊ. एक खोटी रपट देल्ली नाही."

शालिकरामच्या सुनेने चहा आणला. जानराव चहा प्याले आणि बशी खाली ठेवत म्हणाले, "खोटं तं मीच बोललो बुवा."

"आता आमी असलं काही मानत नाही," शालिकराम म्हणाला. "पन पोरगं जगलं हे चांगलं झालं."

महिना संपायला तीन दिवस उरले होते. खुशालराव आईवडिलांना घेऊन अमरावतीला आले. बापानेच साहेबांपुढे उभे राहून खरे काय ते सांगावे, असा बेत होता. केशवरावांनी नक्कल दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद दिसू लागला.

"अढाऊ, अहो, इतकं स्वच्छ प्रकरण मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही!"

"साहेब?"

"नियम काय म्हणतो? आईबाप बाहेरून आलेले नसावेत. तुम्हाला आईबापच नाहीत, मग ते बाहेरून येतील कुठून? आणि एक दिवसाचं मूल रायपूरहून चालत बोरखेडच्या उकिरड्यावर येणार नाही. म्हणजे तुम्ही तिथलेच! इतरांना तीन पिढ्या दाखवाव्या लागतात, तुम्हाला एकही दाखवायला नको."

"पन साहेब, मी याचा बाप आहो ना!" जानराव मध्येच म्हणाले.

"ते मात्र तुम्ही बोलू नका," केशवराव गडबडीने म्हणाले. "तुम्ही बाप झालात की प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर येतं, आणि तुम्ही बाप असल्याचा कागद नाही. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की, मी बोरखेडचा जुना रहिवासी, हे मूल मी उकिरड्यावर पाहिले, त्याचे आईबाप मला ठाऊक नाहीत. रिपोर्टात नाव तुमचं आहे, तेव्हा सही तुमचीच हवी. चौतीस वर्षांपूर्वी सरकारला हेच सांगितलंत ना? आता फक्त ते कायम ठेवायचं."

जानराव उठले आणि जिना उतरून गेले.

घरी आल्यावर त्यांना शब्द सापडले. "जाय म्हना रायपूरले! मी नाही लिवून देत! दुनिया काय म्हनन, बापानंच लिवून देल्लं का पोराचा बाप मालूम नाही?"

बापाचे चुकत होते असे खुशालरावांना वाटत नव्हते आणि रायपूरलाही जायचे नव्हते. खुशालरावांची आई दुर्गाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी तवा उतरवून ठेवला.

"तवा तुमी तीनडाव आमचं नाही म्हनलं अन् माहं पोरगं जगलं," त्या म्हणाल्या. "मी घरात तोंडात पदर कोंबून आयकत होती. तवा नाही लाजले, अन् आता कावून लाजता? तो रायपूरले गेला तं मी कोनाची वाट पाहू? एकडाव अजून म्हना."

दुसऱ्या दिवशी जानरावांनी सही केली. कागदाच्या शेवटी रकाना होता, अर्जदाराशी नाते. केशवरावांनी तिथे 'शेजारी' असे सुचवले. जानरावांनी ते एकेक अक्षर सावकाश काढले. यापेक्षा रायपूर परवडले असते, असे शेजारी उभ्या असलेल्या खुशालरावांना वाटले. पण तेवढ्यात दाखल्यावर शिक्का बसला आणि ते वऱ्हाडचे मूळ रहिवासी झाले.

घरात गोडधोड करावे असे खुशालरावांच्या बायकोने सुचवले, पण दुर्गाबाईंनी हात हलवला.

"टाकलं, सरकारनं उचललं. आता तो सरकारचा झाला. तो इकत आनाले नको?"

"माय, आता कायचं इकत घेनं?" खुशालराव म्हणाले. "ते पुन्याचे साहेब आहेत. त्यायले काय सांगशीन?"

"तवा तुले उचलून नेनाऱ्या शेजारच्या सुंदराबाईले जे सांगतलं तेच सांगीन. कोंडा देल्याबिगर लेकरू आपलं होत नसते."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दुर्गाबाई डोक्यावर सूप आणि जानराव हातात काठी अशी जोडी कचेरीत आली. सुपात काठोकाठ ज्वारीचा कोंडा, वर फडके. खुशालरावांनी मान खाली घालून आवक रजिस्टर पुढे ओढले.

"हे काय?" केशवरावांनी विचारले.

"कोंडा आहे, साहेब. घ्या अन् आमचा पोरगा परत द्या," दुर्गाबाई म्हणाल्या.

केशवरावांना समजावून सांगायला जानरावांना बराच वेळ लागला. भोवती कारकून जमले. ऐकून केशवराव हसले. माणूस वाईट नव्हता. पण लगेच त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"ठीक आहे, म्हातारीच्या समाधानासाठी घेतो. मात्र या कचेरीत पावतीशिवाय कुणाचं काही ठेवून घेत नाहीत. अढाऊ, लिहा. श्रीमती दुर्गाबाई व श्री. जानराव अढाऊ यांजकडून कोंडा, एक सूप, पोहोचला. त्याबदली मुलगा परत दिला."

खुशालरावांनी लिहून दाखवले. केशवरावांनी कपाळाला आठी घातली.

"नुसता मुलगा काय? कुणाचा मुलगा? उद्या कुणी विचारलं तर? असं मोघम लिहायचं नाही, तुम्हाला कितीदा सांगितलं! लिहा, त्यांचा स्वतःचा मुलगा खुशाल."

खुशालरावांनी तसे लिहिले. केशवरावांनी ठसठशीत सही केली, गोल शिक्का मारला आणि पावती जानरावांच्या हातात दिली. जानरावांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली. चौतीस वर्षांत असा कागद त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी पावतीची घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला.

"कोंडा तुमचा, सूप माहं," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी फडके काढले, सूप केशवरावांच्या टेबलावर उपडे केले, दोनदा ठोकले आणि काखोटीला मारले. वर पंखा मे महिन्याच्या जोराने फिरत होता. बघता बघता कोंडा फायलींवर, शाईच्या दौतीत, कारकुनांच्या टोप्यांवर आणि केशवरावांच्या भुवयांवर जाऊन बसला.

डोळे चोळता चोळता केशवरावांच्या लक्षात आले. काल त्यांनी सही करून आईबाप अज्ञात ठरवले होते आणि आज सही करून ते हजर केले होते.

"अहो, थांबा! ती पावती परत द्या!"

जानराव दारात वळले. "देतो ना, साहेब. पन मंग कोंडा वापस करा. सूपभर, जसा देल्ला तसा."

केशवरावांनी कचेरीभर नजर फिरवली. कोंडा सगळीकडे होता, फक्त सूपभर कुठे नव्हता. म्हातारा-म्हातारी जिना उतरू लागली.

"अढाऊ, बघत काय बसलात? तुमच्या वडिलांना थांबवा!"

खुशालरावांनी एका फाइलवरचा कोंडा झटकला आणि तिच्यावर पुढचा क्रमांक घातला.

"वडील अज्ञात आहेत, साहेब," ते म्हणाले.