तात्यांचा समुद्रातला बांध

काटेवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या तात्यांच्या देखत मूठभर मातीची वाहून जायची छाती नव्हती. लग्नाच्या पंगतीत हात धुतल्याचं पाणी मांडवाबाहेर धावू लागलं, की वऱ्हाड राहिलं बाजूला, तात्या पायानेच चिखल ओढून त्याला बांध घालीत. "मास्तर, गेलेलं पाणी परत येतं. माती जाती ती जातीच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी शाळेतला मास्तर, म्हणून ऐकायची शिक्षाही मलाच.

नव्वदच्या दशकात गावाची सहल कोकणात निघाली. काकूंना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, जन्मात एकदा समुद्रात उभं राहायचं होतं. त्यांनी धपाटी बांधून घेतली. तात्यांनी गोणपाटात खोरं गुंडाळलं.

"खोरं कशाला, तात्या?"

"असू द्या. पाण्याचा काय भरवसा?"

समुद्र बघून तात्यांचं डोकंच फिरलं. लाट तिरकी चढत होती, सरळ उतरत होती आणि दर खेपेला वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने थोडी पुढं सरकवत होती. "आरं, हे तर दिवसाढवळ्या रान पळवतंय!" म्हणत त्यांनी धोंडे गोळा केले आणि काठापासून थेट लाटांत बांध घातला.

बांधाच्या पलीकडे काकू लुगडं सावरत पाण्यात जात. लाट फिरताना टाचांखालची वाळू सुटली, की किंचाळून परत. हौस काही फिटेना.

घटकाभरात बांधाच्या अलीकडे वाळूची भर पडली. तात्या हरखले. "मास्तर, धरली का न्हाय?" तेवढ्यात पलीकडून काकूंची आरोळी आली. तिकडची वाळू खचून खड्डा पडला होता आणि काकू त्यात बसल्या होत्या.

"अवो, तिकडं भर घातली आन् माझ्या पायाखालचं न्हेलं की!"

सगळी सहल हसली. मीही पोट धरून हसलो. काकू मात्र रुसल्या. "चला गाडीत. न्हाय हुबं ऱ्हायचं मला." ड्रायव्हरचा हॉर्न सुरू झालाच होता.

तात्यांनी एकेक धोंडा उपसून बांध मोडला. मग धोतर खोचलं आणि काकूंच्या मागं जाऊन उभे राहिले. चारचौघांत बायकोशी दोन शब्द न बोलणारा हा माणूस!

"ठिव टाचा माझ्या पायांवर. माझ्याखालची जाऊ दे."

लाट आली, फिरली. तात्या घोट्यापर्यंत रुतले. काकू हलल्या नाहीत. मला दोघांचं फार कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला.

हॉर्न पुन्हा वाजला. काकूंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मास्तर, त्याला थांब म्हणावं. मी आत्ता कुठं आलीया."