चोवीस पाऊच आणि सासूबाईंची खळ

साल एकोणीसशे एक्कावन्न. संस्थान विलीन होऊन दोन वर्षं झाली होती, माझं लग्न होऊन एक, आणि माझं शिवणाचं मशीन सासरी येऊन जेमतेम चार महिने. अख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतकं मापात शिवणारं कुणी नाही, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. इतरांना विचारलं नव्हतं, एवढंच!

मामंजींना त्या मशीनचा आवाज मुळीच सोसत नसे. "पद्मजा, हे मशीन आहे की पिठाची गिरणी?" असं रोज दोनदा विचारत. शेवटी एकदा त्यांनी बजावलंच, "या महिन्यात याचा काही उपयोग दिसला तर राहील. नाहीतर मलकापूरला, तुझ्या भावाकडे!"

आणि उपयोग आपल्या पायांनी घरी आला! आमचे हे शाळेत मास्तर, आणि हौसेनं होमगार्डमध्ये. त्यांच्या तुकडीला शिकवायला सुभेदार लालासाब होते, संस्थानच्या फौजेतले निवृत्त. मिशा अशा, की दारातून आत येताना जरा तिरकं व्हावं लागे! रायफलवाले एरवी जादा मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, बाळगत नाहीत. पण पुण्याचे साहेब पाहणीला येणार, तेव्हा आपल्या चोवीस जणांनी पापणी लवायच्या आत मॅगझिन बदलून दाखवावं, असं सुभेदारांच्या मनानं घेतलं होतं. अडलं होतं ते पट्ट्याला लावायच्या पाऊचपाशी.

"जुनं कातडी पाऊच हाईत," ते ओसरीवर बसून सांगू लागले, "पर त्यात ही डबी खुळखुळ्यागत वाजतीया. दुसरं कॅनव्हासचं हाईत, ते ब्रेनगनच्या लांबड्या मॅगझिनचं. त्यात टाकली की ही तळाला! काढायला कोपरापतूर हात घालाय लागतोय. तवर लढाई संपंल की वहिनीसाब!"

"मी शिवते," मी म्हणाले. "चोळी बसते तसे बसतील. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही!"

ह्यांनी मला खुणेनं गप्प करायचा प्रयत्न केला. पण मामंजी ऐकत होते, मग मी कसली गप्प बसते!

लक्ष्मीपुरीतून जाड कॅनव्हास आला. मापासाठी मॅगझिन घरी ठेवायला सुभेदार तयार होईनात. "सरकारी वस्तू हाय. नजरंआड करायची न्हाय." म्हणून ते स्वतःच मॅगझिन मांडीवर घेऊन तीन दिवस माझ्या मशीनशेजारी बसले. चहा किती कप झाला ते सासूबाईंना ठाऊक! एकेक पाऊच झाला की मॅगझिन आत घालून बघायचं. चोविसावाही बसला तेव्हा ते उभेच राहिले.

"बघा की! करवंटीत खोबरं बसावं तसं बसलंय!"

मामंजी नुसते "हं" म्हणाले. पण तो 'हं' नेहमीपेक्षा मऊ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेजारी हळदीकुंकवाला गेले. परतले तर अंगणातल्या दोरीवर चोवीस पाऊच ओळीनं वाळत होते, आणि सासूबाई खाली कौतुकानं उभ्या!

"अगं, कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कुणी अंगावर घालतं का? बंबातलं कढत पाणी घेतलं, चांगले चुबकले, आणि साहेब यायचेत म्हणून खळही दिली. दाट!"

मी हात लावून बघितला. पापडासारखा कडक! इस्त्री केल्यावर तर असे देखणे दिसू लागले, की मीच खूश झाले. घालून बघायला मॅगझिन घरात नव्हतं.

पाहणीच्या सकाळी शाळेच्या मैदानावर सगळी पेठ लोटली. मी, सासूबाई आणि मामंजी पुढच्याच सतरंजीवर. आमच्यासमोरच सुभेदारांनी मॅगझिनं वाटली, आणि एकही आत जाईना!

"ढकला!" सुभेदार गुरगुरले. "फाटकातनं साहेबांची जीप शिरली!"

जवानांनी तळहातानं ठोकली, कुणी पाऊच झाडाच्या बुंध्याला टेकवून ढकलली. चोवीसही गेली. साहेब रांगेतून फिरले. कुठे खडखड नाही, कुठे लोंबणं नाही. "फार छान! आता मॅगझिन बदलून दाखवा."

चोवीस हात पाऊचकडे गेले आणि तिथेच राहिले.

कुणी दात खाऊन ओढतंय, कुणी वाकून झटकतंय! ह्यांनी इतका जोर लावला की स्वतःभोवतीच गरकन फिरले आणि साहेबांना पाठ करून उभे राहिले. केरबा गवंड्याचा पट्टा तुटला. तो एका हातानं पाऊच आणि दुसऱ्या हातानं अर्धी चड्डी धरून 'सावधान'मध्ये उभा!

"सुभेदार, हे काय आहे?" साहेब म्हणाले.

सुभेदारांनी खाडकन सलाम ठोकला. "साहेब, दुश्मनानं हिसकली तरी निघायची न्हाईत!"

सगळी पेठ खदखदली. साहेबांनीही तोंडावर रुमाल धरला. मला मात्र डोळ्यांपुढे मलकापूरची गाडी दिसत होती, आणि तिच्या टपावर बांधलेलं माझं मशीन. मामंजी हळूच माझ्याकडे वळले. तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या, तेही भर मैदानात!

"पोरीला बोलायचं काम नाही. तिनं मापात शिवले होते. मी उकळत्या पाण्यात घातले, ते आटले. दोष माझ्या बंबाचा आहे!"

मामंजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग काय आता बंब मलकापूरला पाठवू?"

मशीन राहिलं. मॅगझिनं सोडवायला मी मैदानातच मांडी घालून चोवीस पाऊच उसवले. दुहेरी शिलाई होती, दुपार झाली!

लालासाबांनी पुढे सायकलचं दुकान काढलं आणि मिशा बारीक केल्या. हे हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. परेडचा विषय निघाला की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. केरबानं पेठेतली निम्मी घरं बांधली. मामंजींना पुढे त्या खडखडाटाशिवाय दुपारी झोप लागेना. आणि सासूबाई शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या, "माझ्यामुळे हो, माझ्यामुळे पोरीची फजिती झाली!"

त्यांना जाऊनही आता चाळीस वर्षं झाली, म्हणून सांगते. कॅनव्हास आधी भिजवून, आटवून मगच कापायचा, हे मला शिवणाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. घाईत मी ते केलं नाही. त्यांना हे सांगायचं दरवेळी मनात यायचं, पण त्या इतक्या मायेनं दोष घ्यायच्या, की मध्ये बोलणं बरं दिसेना!