ढवळीच्या राज्यातला वीरगळ

रणात पडलेल्या माणसाला न्यायला आलेल्या अप्सरा मुक्कामालाच राहिल्या तर त्यांची पथारी कुठे घालायची, हे मैलूने गावात सगळ्यांना विचारलं आणि प्रत्येकाने त्याला शेजारच्या घरी पाठवलं. शेवटी त्यानेच कडब्याची खोली झाडली, दोन घोंगड्या अंथरल्या आणि साप येऊ नये म्हणून दारात राखेची रेघ ओढली.

दोघी आल्या होत्या त्याच्या थोरल्या भावासाठी. नागया शिंदवडच्या माळावर छातीत बाण लागून पडला आणि रिवाजाप्रमाणे थोड्याच वेळात या दोघी खाली उतरल्या. एकीने डावा दंड धरला, दुसरीने उजवा. उचलण्याआधी थोरलीने नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणत्या राजासाठी?"

इथे घोळ झाला. त्या दिवशी सकाळी राज्य धैर्यवर्षाचं होतं. दुपारी त्याच्या काकाने, शौर्यवर्षाने, राजधानी घेतली. दिवेलागणीला त्या काकाला माणिकरस नावाच्या मांडलिकाने हाकललं. नागया उन्हं कलताना पडला, पण बातमी आणणारा जासूद वाटेत सासुरवाडीला जेवायला थांबला होता. त्यामुळे नागया पडला त्या घटकेला, बातमी न पोचलेल्या शिंदवडात, जुन्या राजाचं राज्य धरायचं की नव्या, हे कोणालाच सांगता येईना.

"मग वीरगळ उभा करा," थोरली म्हणाली. "दगडावर राजाचं नाव हवं, आणि दगड उभा राहील त्या दिवशी तो राजा गादीवर हवा. तोवर आम्हाला याला उचलता येत नाही."

नागया उठला, दोघींच्या मधून चालत घरी आला आणि ओट्यावर बसला. आईने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या छातीतल्या बाणाकडे पाहिलं आणि आतून पाण्याचा तांब्या आणला.

"बाण काढू नका हं, मावशी," धाकटी म्हणाली. "तो पुरावा आहे."

दिवस तसे बरे गेले. धाकटी भाकरी थापायला शिकली. थोरलीला जात्यावर बसायची गोडी लागली. तिला ओव्या येत नव्हत्या, त्या आईने शिकवल्या. घरात बायकामाणसांचा आवाज असला की आईला बरं वाटे. ती रोज हुलग्याचं कढण करी, ताक घुसळी, आणि दोघींना "आणखी एक, आणखी एक" म्हणत भाकरी वाढी. नागया जेवत नसे, पण ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोले.

"काय नागया, अजून इथेच?"

"काय करू? राजा टिकेना."

मैलूला मात्र काय करावं कळत नव्हतं. त्याला रडायचं होतं, पण समोर बसलेल्या माणसासाठी रडायचं कसं? तो गोठ्यामागे जाऊन रडे, तोंड धुई आणि पुढे येई.

"डोळे का रे लाल?" नागया विचारी.

"धूर गेला."

"आपल्या घरी गोठ्यात चूल मांडली वाटतं हल्ली."

कधीकधी मैलूला वाटे, हे असंच चालू दे. राजे येवोत नि जावोत, दादा ओट्यावर आहे ना. पण एक गोष्ट त्याला सहन होत नव्हती. नागयाला आडवं होता येत नव्हतं. जो राजासाठी पडला त्याने पुन्हा पडायचं नाही, असा नियम होता. पाठ टेकायला गेला की तो आपोआप उठून बसे. आणि नागया म्हणजे झोपेचा भुकेला माणूस. खळ्यावर राखणीला जाऊन कणसांत झोपणारा, लग्नाच्या पंगतीत पान वाढेपर्यंत डुलकी काढणारा. आता तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसे, आणि मग मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणे, "मैल्या, जमलं का रे काही?"

गावच्या पाथरवटाने, रेवोजाने, दगड घडवला. खाली लढाई, मध्ये दोन बायका वीराला उचलताहेत, वर वीर पिंडीपुढे हात जोडून बसलाय. बाजूला माणिकरसाचं नाव. दगड गाडीत घातला आणि जासूद आला: माणिकरसाला त्याच्या मेहुण्याने कैद केलं. रेवोजाने दगड तासून गुळगुळीत केला आणि मेहुण्याचं नाव घालून पुन्हा कोरला. दगड गावच्या शिवेवर पोचला तेव्हा मेहुणा पळाला होता आणि धैर्यवर्ष परत आला होता. पुन्हा तासला. धैर्यवर्षाच्या नावावरची धूळ झटकायच्या आत शौर्यवर्ष आला.

"मैलू," रेवोजा म्हणाला, "आणखी दोन राजे झाले की या दगडातून पलीकडचं दिसेल."

तिकडे घरात दुसरीच अडचण उभी राहत होती. अप्सरा आल्या तेव्हा त्यांची पावलं धुळीत उमटत नव्हती. आता अंगणात धाकटीच्या टाचा चांगल्या रुतलेल्या दिसत.

"आई, त्यांना कमी वाढ," मैलू म्हणाला. "जड झाल्या तर दादाला उचलतील कशा?"

"पाहुण्यांना कमी वाढू?" आई म्हणाली. "माझ्या दारात?"

मैलू राजधानीला गेला. तिथे भायदेव नावाचा संधिविग्रहिक होता. तह करायचे आणि लढाया पुकारायच्या, ही दोन्ही कामं त्याच्याकडे होती. राजे बदलले तरी तो बदलत नसे, कारण मागच्या तहात काय ठरलं होतं ते त्यालाच ठाऊक असे.

"आणखी चार दिवसांनी राजा कोण असेल?" मैलूने विचारलं.

"ते आधी सांगायची पद्धत नाही."

"एका दिवसासाठी तरी कोणी टिकेल का? सकाळी दगड उभा केला की दुपारपर्यंत माणूस जाईल वर. भाऊ आहे माझा. त्याला झोप येतेय."

भायदेवाने मान डोलावली. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "हे बघ बाळ, एका दिवसाची हमी आम्हाला स्वतः महाराजांनाही देता येत नाही. परवा अभिषेकाचं पाणी तापवलं एकासाठी आणि आंघोळ केली दुसऱ्याने. तू असं कर, ज्याच्या बाजूने कोणी लढत नाही असा राजा बघ. तोच टिकतो."

"असा कोण आहे?"

"आमच्याकडे नाही," भायदेव म्हणाला.

मैलू घरी आला तो डोकं फिरलेलाच. अंगणात पडलेलं मुसळ त्याने उचललं आणि गाडीतल्या दगडाकडे निघाला. तो दगड आता ताटाएवढाच जाड राहिला होता.

"मैल्या, ठेव ते," ओट्यावरून नागया म्हणाला.

"फोडतो! कुठला राजा आणि कुठलं काय! दादा, तू मेलास तरी कोणासाठी?"

"मला कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतोय."

नागयाने बाणावरची माशी उडवली. "ढवळीसाठी. कोणाचे तरी स्वार गुरं हाकून नेत होते. काकाचे की मांडलिकाचे, मी काय बघायला गेलो? म्हटलं, नेताहेत तर नेऊ देत. पण ढवळी मागे वळूनवळून बघत होती. मग धावलो."

मैलूने मुसळ खाली ठेवलं. गोठ्यात ढवळी रवंथ करत होती. त्या दिवशी ती एकटीच परत आली होती.

तो तसाच पळत बाचण्णाकडे गेला. बाचण्णा गावचा प्रमुख होता. त्याला सगळे गावुंड म्हणत.

"अण्णा, उद्या सकाळी ढवळीला राज्याभिषेक करायचा."

बाचण्णाने पान चघळणं थांबवलं. तो विचारी माणूस होता. "तिच्या बाजूने कोणी लढतंय?"

"नाही."

"तिला भाऊ, काका, मेहुणा?"

"एक गोऱ्हा आहे. पण तो चरण्यापलीकडे कशात पडत नाही."

"आणि राज्य केवढं?"

"शिंदवड. शिवेपासून ओढ्यापर्यंत."

"पुरे आहे," बाचण्णा म्हणाला. "जास्त असलं की ते संभाळायला लोक लागतात, आणि तिथून सगळं सुरू होतं."

सकाळी ओढ्याचं पाणी आणून ढवळीला अभिषेक झाला. पळसाच्या पानांचं छत्र तिच्यावर धरलं. तिने छत्राची एक बाजू खाल्ली. ती राजी आहे, असं त्यावरून ठरलं. रेवोजाने श्वास रोखून दगडावर हलक्या हाताने अक्षरं कोरली: ढवळीच्या राज्यात, ढवळीसाठी, नागया पडला.

"यात ढवळी कुठली?" मैलूला वाचता येत नव्हतं.

रेवोजाने त्याचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. ती दोनदा होती. मैलूने दोन्हीवरून बोट फिरवलं.

दगड शिवेवर नेऊन खड्ड्यात उतरवायचा, तोच भायदेव आला. मागे घोडेस्वार होते. नवा राजा बसला होता आणि भायदेव ते गावोगाव कळवत निघाला होता. मैलूने ढवळीच्या गळ्यात हात टाकला.

"इथे कोणाचं राज्य म्हणता?" भायदेवाने दगड वाचून विचारलं.

"ढवळीदेवींचं," बाचण्णा म्हणाला आणि गाईकडे हात केला.

भायदेवाने तिला नीट पाहून घेतलं. "कधी बसल्या?"

"सूर्योदयाला."

"आमचे महाराज आत्ता दोन घटकांपूर्वी बसले." त्याने क्षणभर हिशेब केला. मग तो घोड्यावरून उतरला, आणि मागच्या स्वारांनाही त्याने उतरायला सांगितलं. "म्हणजे या ज्येष्ठ झाल्या. यांची काही अट?"

"शिंदवडची गुरं कोणी हाकून न्यायची नाहीत," मैलू म्हणाला.

"हे कोणी मागितलं नव्हतं कधी," भायदेव म्हणाला. "सगळे किल्ले मागतात." त्याने हात जोडले. ढवळीने त्याच्या उपरण्याचं टोक तोंडात घेतलं आणि तिचं चघळून होईपर्यंत तो अदबीने उभा राहिला. तह झाला. स्वार पुढच्या गावाला गेले.

दगड उभा राहिला.

"चला," थोरली म्हणाली.

गाडीमागून चालत आलेल्या नागयाचे दंड दोघींनी धरले. गुडघाभर वर गेल्या आणि धपकन खाली आल्या. धाकटी लाजली.

"मावशींची भाकरी," ती म्हणाली.

"बघा, चार घास कमी खाल्ले असते तर!" मैलू ओरडला आणि लगेच त्याला कसंसंच झालं, कारण आई तिथेच उभी होती. पण आई हसली. ती पुढे झाली, नागयाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दोघींच्या पाठीवर थोपटून म्हणाली, "घाई नाही. पुन्हा करा."

मैलूने हातांत हात गुंफून पायरी केली. नागयाने तिच्यावर पाय ठेवला. तो आता अजिबात जड नव्हता.

"दादा, नीट झोप."

"तू काय सांगतोस मला झोपायचं," नागया म्हणाला.

मैलूने सगळा जोर लावून वर ढकललं. तिघं हलली, डुलली आणि चढू लागली. कंबरेएवढी, मग डोक्याएवढी. तेवढ्यातच नागयाची मान थोरलीच्या खांद्यावर कलली. त्याला झोप लागली होती. तोंड जरासं उघडं होतं, जसं लहानपणापासून असायचं.

शिवेवर एक बोर होती, आणि तिची काटेरी फांदी बरोबर त्यांच्या वाटेत आली होती. दोघींचे हात मोकळे नव्हते. मैलू दगडाशेजारच्या धोंड्यावर चढला, फांदी मुठीत धरून बाजूला ओढली, आणि दादाचं डोकं तिला न लागता वर निघून जाईपर्यंत तशीच धरून ठेवली.