बकुळा खारीची जर्मन

एका जंगलात, जिथे वाघालासुद्धा बछड्याच्या शाळाप्रवेशासाठी रांगेत उभं राहावं लागे, तिथे बकुळा नावाची एक खार राहत होती. तिला एकच मुलगा होता. त्याचं नाव ढबू. ढबू पहिलीत होता. म्हणजे, बाळांनो, त्याचं वय खेळायचं होतं आणि काळजी करायचं काम आईकडे होतं.

दर थंडीला त्या जंगलातल्या तळ्यावर जर्मनीहून करकोचे उतरत. त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी करकोची म्हणजे ओमा. ओमा म्हणजे तिकडची आजी. त्या वर्षी उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "पळस फुलला की आम्ही परत जाणार. ज्याला माझी भाषा चांगली येईल, त्याला पाठीवर बसवून माझ्या गावी नेईन. पुढच्या थंडीला परत आणून सोडीन."

झालं! जंगलाच्या शाळेत दुसऱ्याच दिवशी जर्मन सुरू झाली. शिकवायला राघोसर. ते पोपट होते, त्यामुळे त्यांच्या पात्रतेबद्दल कुणी शंका घेतली नाही.

राघोसरांनी पालकांना निरोप धाडला, "शाळा शिकवील ते शिकवील, पण घरून पाठिंबा हवा. घरात पोषक वातावरण ठेवा." असे निरोप सुतारपक्षी झाडोझाड टकटक करून पोचवी. दिवसभर टकटक चाले. कुणी म्हणे, आज गृहपाठ काय? कुणी म्हणे, माझ्या पिल्लाने शेपटीने पान पुसलं, पुन्हा सांगा.

बकुळाने पाठिंब्यासाठी शेपटी खोचली. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिने जर्मन नाव लिहिलेलं पान चिकटवलं. हंड्यावर, चुलीवर, शेंगांच्या कणगीवर. ढबूचे बाबा दुपारी जरा आडवे झाले, तर त्यांच्या पोटावरही एक पान लागलं. शेंगा सोलताना ती शब्द घोकी. 'जर्मनीतलं घर' हा ढबूचा प्रकल्प तिने काड्यांनी असा काही बांधला की सुगरण पाहायला आली. खाली 'मी स्वतः केले' असंही तिनेच लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात.

आणि ढबू? तो तळ्याकाठी लंगडी खेळत होता.

त्याचा भिडू होता ऊली, ओमाचा नातू. आता करकोच्याला लंगडी शिकवायची म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखंच. एका पायावर उभं राहणं हा त्यांचा घरचा धंदा. ऊली कुणाला हार जाईना. खेळता खेळता ढबू "दू बिस्ट द्रान!" असं ओरडू लागला, म्हणजे तुझ्यावर राज्य. आणि ऊलीही चक्क, "ए, लबाडी नको हं!" म्हणू लागला. खेळून दमले की ऊली त्याला आपल्या गावच्या गोष्टी सांगे. तिथे उंच धुराडं आहे, त्यावर आमचं घरटं आहे, वरून सगळा गाव दिसतो. ते धुराडं ढबूला स्वप्नात दिसायला लागलं.

एका संध्याकाळी बकुळा फणफणत तळ्यावर आली.

"ढब्या! जर्मनचा अभ्यास टाकून त्या जर्मन पोराशी काय खेळत बसलायस?"

"पण आई, आम्ही..."

"पण नाही नि बिण नाही. परीक्षा तोंडावर आलीय. लोकांची पिल्लं पाठ म्हणून दाखवतात आणि आमचं रत्न एका पायावर उड्या मारतंय! चल घरी. आणि तू रे ऊली, परीक्षा होईपर्यंत आमच्या झाडाकडे फिरकायचं नाही."

बिचारी काही दुष्ट नव्हती. पोराने ओमाच्या पाठीवर बसावं, जग पाहावं, एवढीच तिची इच्छा होती. आपल्याला नाही मिळालं, त्याला मिळू दे. त्यासाठी तिचा जीव तुटत होता.

पळस फुलला. परीक्षेचा दिवस आला. कुंपणाच्या आत पिल्लं, समोर पालक, मध्ये ओमा. ढबूची पाळी आली. ओमाने मायेने विचारलं, "वेअर बिस्ट दू?" म्हणजे, तू कोण?

उत्तर पाठ होतं. पण ढबूची नजर आईकडे गेली. आईचे ओठ हलत होते. ते पाहता पाहता तो बोलायचंच विसरला. बकुळाला राहवेना. टुणकन उडी मारून ती पुढे आली आणि ओरडली, "इश बिन आइन आइशह्योर्न्शेन!" म्हणजे, मी एक खार आहे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग काय, मुंगसीण पुढे आली, सशीण आली. पिल्लं बाजूला बसली आणि आयांनी परीक्षा दिली. बकुळा पहिली आली.

एवढ्यात कुंपणावरून एक लांब चोच डोकावली. ऊली! ढबूने धाव घेतली आणि दोघांची भरभर जर्मन सुरू झाली. किती दिवसांचं साठलेलं! हसणं काय, भांडणं काय, मध्येच लंगडीचा जुना वाद काय!

"ए, गप्प बसा!" राघोसर कडाडले. "इथे जर्मनची परीक्षा चाललीय!"

ओमा मात्र मान वाकडी करून ऐकत राहिली. "हा तर आमच्या घरच्यासारखा बोलतो," ती म्हणाली. "याला नेऊ का?"

बकुळाचा ऊर भरून आला. आपलं पोर! क्षणभर ती 'न्या' म्हणणारच होती. तेवढ्यात राघोसर म्हणाले, "खेळताना आलेली भाषा अभ्यासक्रमात धरत नाहीत."

बकुळा विचारात पडली. मग म्हणाली, "खरंय सर. बोलतो, पण सगळं लंगडीतलं. पाया कच्चा. ओमा, यंदा मीच येते. तिथे पाया पक्का करून घेते आणि परत आले की याला घरी नीट शिकवते."

ढबूचा चेहरा एवढासा झाला.

"रडू नको रे बाळा," बकुळा म्हणाली, "तुझ्या पाठिंब्यासाठीच जातेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी करकोचे उडाले. ओमाच्या पाठीवर बकुळा, तिच्या शेजारून ऊली. खाली फांदीवर ढबू. त्याने डोळे पुसले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ऊलीला ओरडून जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं. बकुळाने कान टवकारले. तिला त्यातला एक शब्दही कळला नाही. हंडा, चूल, कणगी, कशाचंच नाव त्यात नव्हतं.

"ऊली, काय म्हणाला रे तो?"

ऊली चांगल्या जंगलच्या भाषेत म्हणाला, "तो म्हणाला, माझ्या आईकडे लक्ष दे हं. तिला एकटं सोडू नको. तिला भाषा येत नाही."

बकुळाने मागे वळून पाहिलं. फांदी लांब राहिली होती.

तात्पर्य: बाळांनो, आईबाबांना तुमच्या अभ्यासात पूर्ण गुंतू द्यावे. तेवढ्या वेळात आपल्याला निवांत शिकता येते.