नमस्कार, रिकामी जागा

परांजप्यांच्या धायरीच्या घरी पोहे मागितले की बशीत नुसते वाफाळते पोहे येतात. लिंबू, खोबरं, कोथिंबीर शेजारी वाट्यांत. मीठसुद्धा! "सामायिक ते स्वयंपाकघराने करायचं, वैयक्तिक ते पाहुण्याने," असं दरडावून सांगतात. वेबसाइटचं पानही ते असंच बांधतात. निम्मा साचा आमच्या सर्व्हरने भरून पाठवायचा, उरलेल्या जागा बघणाऱ्याच्या ब्राउझरने भरायच्या. मंडईजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे हे प्रवचन मला रोज.

याच तत्त्वावर त्यांनी एका ज्येष्ठ नागरिक संघाची साइट केली. वर "नमस्कार," आणि पुढे ज्याचं त्याचं नाव. नावाची जागा ब्राउझरसाठी महिरपी कंसात लिहिली होती. पण सर्व्हरही तेच कंस ओळखायचा. त्याने ते आपलेच समजून गिळले. नाव त्याच्यापाशी नव्हतंच, त्याने कोरी जागा पुढे ढकलली. सगळ्या सभासदांना दिसलं, "नमस्कार," बस.

संघाच्या अध्यक्षांचा फोन आला. "नावं विसरायचं वय आमचं आहे, तुमचं नाही. सोमवारपर्यंत दिसली नाहीत तर काम दुसऱ्याला देऊ."

तो शुक्रवार होता. शहाण्या माणसाने कंस बदलायला घेतले असते. परांजप्यांनी आधी सभासदांची यादी काढली आणि फोन लावला.

"नमस्कार, वसंतराव."

"बोला."

"झालं. पान उघडा आणि स्वल्पविरामापुढे हे धरून चला." फोन बंद.

असे अख्ख्या यादीला फोन! मला हसू आवरेना. "सर्व्हर भरत नाही, ब्राउझर भरत नाही, मग तोंडाने भरायचं," ते माझ्यावरच खेकसले. एका आजोबांनी तर "हिने ऐकलं नाही" म्हणून दोनदा म्हणवून घेतलं.

रविवारी त्यांनी ब्राउझरला सर्व्हर न ओळखणारे चौकोनी कंस दिले. नावं झळकली, काम वाचलं.

तरी मंगळवारी परांजपे पुन्हा फोनवर. "नमस्कार, सुमनताई."

"अहो, आता पान दाखवतंय की!" मी म्हटलं.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "यजमान गेल्यापासून त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नाही. सगळ्यांच्या त्या काकू. रोज करा म्हणाल्या."

माझी मलाच लाज वाटली. मी स्क्रीनकडे वळलो. पलीकडून सुमनताईंनी त्यांना काहीतरी विचारलं असावं, कारण परांजपे अडखळले.

"परांजपे नको," ते अगदी हळू म्हणाले. "अनंत म्हणा. आई गेल्यापासून कोणी म्हटलं नाही."